चार नंबरची रेषा

पॅकिंगच्या चार नंबर लाइनीचा पट्टा काढून खाली फरशीवर गुंडाळून ठेवलेला होता आणि माझ्या स्क्रीनवर चार नंबर चालत होता. मी नुकतीच पाण्याची बाटली भरायला खाली जाऊन आले होते. तोताराम आबा, आमच्या मिलचे जुने फिटर, मोटारीपाशी उकिडवे बसले होते, आणि "ताई, आज हाई कामच दिनभरनं शे," असं मला म्हणालेही होते. वर आले, खुर्चीत बसले, बाटलीचं झाकण लावता लावता समोर बघितलं, तर चार नंबरची हिरवी रेषा नेहमीसारखी थरथरत पुढे सरकत होती. तापमान एक्केचाळीस. कंपन रोजचंच. मी स्क्रीन बंद करून पुन्हा उघडली. मग काचेशी जाऊन खाली पाहिलं. पट्टा फरशीवरच होता. परत येऊन मी फोन पाहिला. काहीही भलतं दिसलं की मी आधी फोन बघते, जणू जगातल्या प्रत्येक गडबडीचं दुसरं टोक माझ्या घरीच बांधलेलं आहे. मुक्ता झोळीत झोपलेली होती. नवऱ्याने भिंतीवर लावलेल्या कॅमेऱ्यातून तिचा एक पाय आणि दुपट्याची कड दिसत होती. दुपटं हलतंय का, हे मी मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत बघत राहिले. हललं. दीड वाजला होता.

आठ महिन्यांची आहे ती. सासूबाईंजवळ असते, त्यांना सगळं घर अक्का म्हणतं, मीही म्हणते. पहिले तीन महिने मी तिचं दूध, शी, झोप, ताप, सगळं वहीत लिहीत होते, रकाने पाडून, आणि एकदा डॉक्टरांनी "कसं आहे बाळ?" असं विचारल्यावर मी "सरासरी बेचाळीस मिनिटं" असं उत्तर दिलं होतं. डॉक्टर हसले, मी हसले नाही. माझं शिक्षण धुळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्रात झालं, आणि जळगावच्या एमआयडीसीतल्या या डाळ मिलमध्ये मला त्याच्यासाठीच घेतलेलं आहे. मालकांचे चिरंजीव अखिलभाई पुण्याहून शिकून आले आणि त्यांनी यंत्रांवर सेन्सर लावले, काडेपेटीएवढे, मागे लोहचुंबक असलेले. चाळण्यांवर, पॉलिशवर, पॅकिंगच्या चारही लाइनींच्या मोटारींवर. एकूण बारा. पॅकिंगच्या बायकांनी त्यांचं नाव टिकली ठेवलं. दर दोन सेकंदांनी बारा टिकल्या मला कळवत राहतात की यंत्र तापलंय का, थरथरतंय का, थांबलंय का. थांबलं, तर किती वेळ. आणि त्याच्यापुढे एक रकाना असतो, कारण. तिथे मी निवडायचं असतं: वीज, पट्टा, बारदान, कामगार, इतर.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज मी त्या रकान्यात 'कामगार' निवडत होते. दसऱ्यानंतर चार नंबर रोज दुपारी थांबायला लागला होता. तीन चाळीस, कधी तीन बेचाळीस, आणि तिथून वीस-बावीस मिनिटं सपाट. आलेखात ते खड्ड्यासारखं दिसायचं, रोज एक, सारख्याच खोलीचा. इतका नेमका खड्डा माझ्या हाती पहिल्यांदाच लागला होता आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. वीज अशी जात नाही, पट्टा असा तुटत नाही. असं वेळेवर फक्त माणूस वागतं. चार नंबरवर रुपा होती, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आलेली. तिचा नवरा पाइपच्या कारखान्यात, दीड वर्षाचा मुलगा आईकडे गावी. मी अहवाल लिहिला. अखिलभाईंनी तिला वर काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. तिने चपला दाराबाहेर काढल्या, तिथे कोणीही काढत नाही. अखिलभाईंनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं, "हे बघ, रोज. हा बघ, हा बघ." तिने त्या खड्ड्यांकडे बघितलं. मग अखिलभाईंना नाही, मला तिने विचारलं, "हे मी आहे?"

मी मान हलवली.

"मी थांबवत नाही ताई. मी पाणी प्यायलाबी जात नाही तेव्हा." एवढंच म्हणाली. मोठे शेठ, उत्तमचंदजी, जे अजून तुरीचा दाणा दाताखाली चावून त्यातली ओल सांगतात आणि यंत्रापेक्षा अर्ध्या टक्क्याने चुकत नाहीत, ते कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "पोती तर पुरी भरतात बेटा हिची. मग वीस मिनिटं जातात कुठे?" अखिलभाई म्हणाले, "पपा, पोत्यांची वही हाताने लिहितात. कोणीही काहीही लिहील." सुट्टीनंतर येऊ नको, असं अखिलभाईंनी रुपाला सांगितलं. ती वही माझ्या टेबलापासून बारा पावलांवर खुंटीला टांगलेली होती. मी ती उघडली नाही. का उघडली नाही, हे आज दीड वाजल्यापासून मी स्वतःला विचारत होते, आणि उत्तर म्हणून सारखा माझ्या वडिलांचा चेहरा समोर येत होता. वडील धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत होते. मी दुसरीत असताना एकदा घरी आले ते हात न धुताच ओट्यावर बसले. "आज घड्याळवाला आला होता," आईला म्हणाले. तो म्हणे हातात घड्याळ घेऊन माणसांच्या मागे उभा राहायचा, धागा जोडायला किती वेळ, मागे वळायला किती, नाक पुसायला किती. "तो बघत असला की हे हात मला माझे वाटत नाहीत." आई हसली होती, "मग कोणाचे वाटतात, शेजारच्या नानांचे?" मला त्या न पाहिलेल्या माणसाचा फार राग यायचा. मी त्याला काळा चष्मा दिला होता, मिशी दिली होती. त्याला घरी लहान मूल असेल, त्याची सारखी धास्ती असेल, असं काही मी त्याला दिलं नव्हतं.

आता चार नंबर चालत होता. आणि दोन नंबर, हे मला आत्ता दिसलं, सकाळपासून सपाट होता. दोन नंबरवर कमलबाई असते, आणि तिला तर मी आत्ताच खाली पोतं शिवताना पाहिलं होतं, नाकाला पदर बांधून.   आणि त्याच्याबरोबर एक दुसरी गोष्टही वर आली, जी मी तीन दिवस दाबून ठेवली होती. सुट्टीनंतर सोमवारी मिल सुरू झाली. रुपाच्या जागी चार नंबरवर दगडीबाई आली, आणि सोमवारी तीन चाळीसला खड्डा पडला. मंगळवारीही पडला. बुधवारीही. तो मला दिसला होता. मी तो उघडून बघितला नाही. नवीन बाई आहे, हात बसायचाय, असं मी मनाशी म्हणाले आणि कारणाचा रकाना रिकामा सोडून दुसरं काम काढलं. ताप मोजायचा नसला की आपण थर्मामीटर कुठे ठेवलाय ते विसरतो.

मी खाली गेले. डाळीची धूळ उन्हाच्या तिरिपेत पिवळी तरंगत होती. तोताराम आबांच्या शेजारी बसून मी चार नंबरच्या मोटारीवरची टिकली ओढून काढली आणि उलटी केली. तिच्या मागे बारीक अक्षरात आकडा असतो. त्या आकड्यावर कुंकू होतं, सुकून काळपट झालेलं. नखाने खरवडलं. शून्य दोन.

"आबा, ह्या काढल्या होत्या का कोणी?"

"कोन काढस त्या? खांडेनवमीले काढ्या व्हत्यात ना, पूजाले. तूच तर कुंकू लाव्हं ताई." आबांनी पान्हा खाली ठेवला. "मशीनवर पानी पडस, तेल पडस, म्हणीसन बठ्ठ्या काढीसन, पुसीसन ताटमा ठेव्यात. मंग परत लाई दिध्यात."

"ज्याची त्याला?"

आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या कपाळावर घामात डाळीचा कोंडा चिकटला होता. "बठ्ठ्या सारख्याच शेतस ना, माय?"

सगळ्या सारख्याच होत्या. मला ते ताट आठवलं. खांडेनवमीला मिल बंद ठेवून, यंत्रं धुऊन, पान्हे, पकडी, मापं, सगळं मांडून पूजा होते. फाळ आणि कोयती पुजायचे दिवस गेले तरी हातातलं हत्यार पुजायचं थांबलेलं नाही. यंदा आबांनी पान्ह्यांच्या शेजारी पितळी ताटात झेंडूच्या पाकळ्या पसरून त्यावर बारा टिकल्या ठेवल्या होत्या. "हाई आते नवं हत्यार शे," म्हणाले होते. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन मला आठवडा झाला होता, अर्धा दिवस यायचे, आणि बायकांनी मला पुढे ढकललं, "लेकुरवाळी शे, तूच लाव कुंकू." मी बाराही टिकल्यांना कुंकू लावलं. फोटो काढला. फोटो अजून फोनमध्ये होता. तो मी सगळ्यांना पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'आमची नवी शस्त्रं'. फोटोत टिकल्या उलट्या ठेवलेल्या आहेत, आकडा वर, चुंबक वर, आणि माझं बोट शून्य चारवर आहे, शून्य तीन आणि शून्य पाचच्या मध्ये. आकडा माझ्याच बोटाने झाकला होता. त्यानंतर घरून फोन आला, मुक्ता दूध पीत नव्हती, मी दोन वाजायच्या आत रिक्षा धरली. आबा टिकल्या लावत होते तेव्हा मी भुसावळ रस्त्याच्या सिग्नलला थांबले होते.

"काही बिघडनं का ताई?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. मी म्हणाले, "तुमचं नाही काही." आणि मनात मी हिशेब उलटा लावत होते, पटपट, परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत लावतात तसा. चारवरची टिकली दोनची. म्हणजे दोनवरची चारची. दसऱ्यापासून जे चार नंबरचं म्हणून मी वाचलं ते सगळं दोन नंबरचं. म्हणजे रुपाने मशीन थांबवलं नव्हतं. थांबवलं होतं कमलबाईने. हे सांगायची मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. नाव बदलायचं, एवढंच. रकाना तोच, कामगार, फक्त बाई दुसरी. मी अशी उठले की जणू आता कमलबाईला वर बोलवायचं आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवायची. अडीच वाजत होते.

कमलबाई पोत्याचं तोंड शिवून दोरा दाताने तोडत होती. तिच्या मागे भिंत आणि भिंतीत बारदानाच्या खोलीचं दार. ती खोली माझ्या चांगल्या ओळखीची आहे. वरच्या ऑफिसात सगळीकडे काच, तीन पुरुष आणि एक कॅमेरा. म्हणून दसऱ्यानंतर, पूर्ण दिवस थांबायला लागल्यापासून, मुक्ताचा फोन आला की मी तिथे जाते. ती साडेतीनच्या पुढे उठते, आणि उठली की रडते, आणि माझा आवाज ऐकल्याशिवाय बाटलीला तोंड लावत नाही. अक्का फोन तिच्यासमोर धरतात. मी पोत्यांच्या ढिगावर बसून तिच्याशी बोलते, तिची बाटली संपेपर्यंत गुणगुणते. पहिल्या दिवशी भिंतीपलीकडच्या खडखडाटाने ती इतकी दचकली की तिचे ओठ निळे पडले. अक्का ओरडल्या, "कुठे उभी आहेस गं, रेल्वेच्या रुळावर?" दुसऱ्या दिवशी असंच. तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता. चहाची वेळ असेल, मला वाटलं. त्यानंतर रोजच नव्हता. आपलं नशीब बरं, असं मी—

मी कमलबाईसमोर उभी होते आणि तिला विचारायचं वाक्य तोंडात तयार होतं, आणि ते तिथेच विरघळलं. तीन चाळीस.

"कमलबाई," मी म्हणाले, "दुपारी तू मशीन बंद करतेस?"

तिने पदर नाकावरून खाली ओढला. जराही घाबरली नव्हती. "करस ना. तुन्ही पोर घाबरस ना, माय! रडस ते बठ्ठं आयकू येस आठे. म्हणीसन बंद करस मी. वीस मिन्टं. काय बुडस त्यामा? पोतं त्यान्हा पहिले भरी ठेवस, मांगे जल्दी जल्दी शिवस."

"मला सांगायचं तरी."

"त्यामा सांगानं काय?" ती हसली. "तू आत जास का नही ते बी नही दखत मी. घड्याळ दखस, तीन चाळीसले बटन दाबस. तू भायेर उनी का चालू करस. पोर पेस का आते बाटली, नीट?"

"पेस," मी म्हणाले. आजीच्या तोंडची भाषा माझ्या तोंडून कॉलेजनंतर पहिल्यांदाच निघाली असेल. "नीट पेस."

"मंग?" कमलबाई म्हणाली आणि पुढचं पोतं ओढलं.

वर आले. खुर्चीत बसले. बारा रेषा सरकत होत्या. मी इतकी लक्ष ठेवणारी, दुपट्याची कड हलते का ते मोजणारी, आणि त्या खड्ड्यांत मला माझी स्वतःची मुलगी दिसली नव्हती. बावीस मिनिटं: मुक्ताची बाटली. एके दिवशी चौतीस मिनिटं होती. त्या दिवशी तिला सर्दी होती, नाक चोंदल्यामुळे ती थांबून थांबून प्यायली. एका गुरुवारी खड्डाच नाही. त्या गुरुवारी मी रजा घेऊन तिला लस टोचायला नेलं होतं, आणि आदल्या दिवशी पॅकिंगच्या बायकांना ते सांगूनही ठेवलं होतं. अहवालात मी त्या गुरुवारबद्दल लिहिलं होतं, 'देखरेख असल्याची कुणकुण लागल्याने त्या दिवशी थांबा नाही.' वाक्य चांगलं जमलंय असं वाटलं होतं. तेच वाक्य अखिलभाईंनी रुपाला वाचून दाखवलं होतं, आणि तिने ऐकताना डाव्या हाताने उजव्या हाताच्या बांगड्या एकत्र धरून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

सव्वातीन. मग माझं डोकं जे करतं ते करायला लागलं. टिकल्यांची अदलाबदल करायला एक मिनिट लागतं. आबा कोणाला सांगणार नाहीत. पण उद्या खड्डा दोन नंबरवर दिसेल, आणि अखिलभाई कमलबाईला बोलावतील, ती चपला काढेल किंवा काढणार नाही. मग दुसरं: मी फोनच घ्यायचा नाही. मुक्ता रडेल दोन दिवस, चार दिवस, मुलं शिकतात. कमलबाईला सांगायचं, आता नको थांबवू. रेषा सरळ होईल. आणि अखिलभाई म्हणतील, बघा मॅडम, रुपा गेली आणि रोग गेला. आलेखावर ते कायमचं सिद्ध होऊन बसेल. कोणी कितीही वेळा उघडून पाहिलं तरी तेच दिसेल. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली, की हे इतकं सोपं होतं आणि त्यात खोटं असं काहीच लिहावं लागणार नव्हतं.

तीन पंचवीसला मी फोन आणि ती बारा पावलांवरची वही घेऊन केबिनमध्ये गेले. अखिलभाई वयाने माझ्याएवढेच, सारखे खुर्ची फिरवत बसतात. मी टिकल्यांचं सगळं सांगितलं, ताटापासून. टिकल्या बदलल्याचं ऐकून ते आधी हसले. "म्हणजे महिनाभर आपण पूजेचा डेटा वाचत होतो?" मग वही बघितली. चार नंबरचं एकही पोतं कमी नव्हतं. मग हसले नाहीत.

"मग दोन नंबर कोण थांबवतं? कमलबाई?"

"तिचं नाव नका लिहू. माझं लिहा."

"तुमचं? मॅडम, तुम्ही तर वर बसता."

"थांबा पाच मिनिटं," मी म्हणाले. "बघा."

त्यांना वाटलं असेल की बाईचं काही ठिकाणावर नाही. आम्ही दोघं भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. तीन एकोणचाळीस. माझ्या हातातला फोन थरथरला, अक्का. मी उचलला नाही. चाळीस. खालून काहीतरी कमी झालं, आवाजातला एक धागा कोणीतरी ओढून काढावा तसं. आणि जिच्यावर चार नंबर लिहिलं होतं ती रेषा वाकली, खाली आली, सपाट झाली.

"हे मी आहे," मी म्हणाले.

आणि बारदानाच्या खोलीचं, मुक्ताच्या बाटलीचं दोन वाक्यांत सांगितलं. अखिलभाईंनी रेषेकडे बघितलं, मग फोनकडे. "उचला तरी," ते शेवटी म्हणाले. "रडत असेल ती." मी उचलला. मुक्ताचा ओला, रागावलेला चेहरा आला. मी त्या काचेच्या खोलीत, परक्या माणसासमोर, रोजचं गुणगुणणं सुरू केलं. ती ऐकत राहिली. बाटली पुढे आली. अखिलभाई पाठ करून खिडकीशी उभे होते.

चार वाजता मी फोन ठेवला. त्यांनी विचारलं, "रुपाचा नंबर आहे?" मी लावला होता, दुपारीच, दोनदा. लागत नव्हता. दिवाळीलाच ती दोघं खोली सोडून गेली, तोताराम आबांना पाडा माहीत आहे, तिथे रेंज टेकडीवर चढल्यावर येते. "रविवारी मी जाते आबांबरोबर," मी म्हणाले. "जा," ते म्हणाले. "पण ती येईल का?"  मी त्यांच्यासमोर बसून एकेक दिवस उघडला, अठरा दिवस, आणि अठरा वेळा कारणाच्या रकान्यात, 'कामगार' असेल तिथे ते पुसून, रिकामा असेल तिथे नव्याने, 'इतर' निवडलं, आणि 'इतर'समोर माझं नाव लिहिलं. ते म्हणाले, "उद्या तीन चाळीसचं काय करायचं मॅडम, ते बोलू." मी म्हणाले, बोलू.

चार दहा झाले, चार बारा. भिंतीवरची रेषा अजून सपाटच होती. अखिलभाईंनी भुवया उंचावल्या. मला कळायला एक क्षण लागला. खाली कमलबाई बटणावर हात ठेवून बारदानाच्या दाराकडे बघत उभी असणार. मी त्या खोलीत गेलेच नव्हते, त्यामुळे बाहेरही आले नव्हते, आणि मी बाहेर आल्याशिवाय ती मशीन सुरू करणार नव्हती. मी जिन्याकडे धावले.